रुग्णाला विचारा, रुग्णाला विचारू द्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णांइतकीच त्यांच्या घरच्यांची वर्दळ असते. कुणी केसपेपर घेऊन रांगेत उभा असतो, कुणी रक्ताची नळी हातात धरून लॅब शोधत असतो. वॉर्डबॉय मिळाला नाही म्हणून स्ट्रेचर स्वतःच एक्स-रेपर्यंत ढकलत नेणारा मुलगा असतो, बाहेरच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणणारा भाऊ असतो, सासूला भरवणारी, अंग पुसून देणारी, कूस बदलायला हात देणारी सून असते. रात्री हीच माणसं खाटेखाली चादर टाकून आडवी होतात आणि बाटली रिकामी व्हायला आली की उठून सांगायला जातात, "सिस्टर, सलाइन संपत आलंय."

म्हणजे रुग्णसेवेतला मोठा वाटा आपल्याकडे घरची माणसं उचलतातच. सरकारी रुग्णालयात तो जास्त, खासगीत कमी, एवढाच फरक. पण इंजेक्शन विकत आणणाऱ्या भावाला ते कशासाठी आहे हे माहीत नसतं. रक्तपेढीतून पिशवी आणणाऱ्याला पिशवीवर काय वाचायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि सकाळी राउंड सुरू झाला की "नातेवाईकांनी बाहेर थांबा" अशी हाक येते. रात्रभर जागलेला, रुग्णाला कितीदा उलटी झाली आणि तो पहाटे काय बरळत होता हे जाणणारा एकमेव माणूस नेमका त्या वेळी वॉर्डाबाहेर जातो.

आपल्या रुग्णालयांनी नातेवाइकांचे हात घेतले, त्यांचे डोळे आणि त्यांचा शब्द घेतला नाही. तो घेतला तर उपचार अधिक सुरक्षित होतात, हे गेल्या पंचवीस वर्षांत जगभरातल्या अनुभवाने दिसून आलं आहे. तो अनुभव काय सांगतो आणि आपण दाखल असताना किंवा आपलं माणूस दाखल असताना त्याचा उपयोग कसा करायचा, हे या प्रकरणात पाहू.

चुका होतात कशा?

१९९९ साली अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेने 'टू एर इज ह्यूमन' हा अहवाल तयार केला. अमेरिकी रुग्णालयांत उपचारांतल्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं मरत असावीत, असा त्यातला अंदाज होता. या आकड्याने खळबळ उडाली. अहवालाचा खरा मुद्दा मात्र आकड्याच्या पुढचा होता. बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे होत नाहीत, चांगली माणसं सदोष व्यवस्थेत काम करत असतात म्हणून होतात, असं त्याने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आजही जगात दर दहा रुग्णांमागे सुमारे एकाला उपचार घेतानाच काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा अपघातांची रचना उलगडून दाखवली. एकामागे एक टांगलेल्या पडद्यांची कल्पना करा. डॉक्टरांची चिठ्ठी हा एक पडदा, औषध देणारा फार्मासिस्ट दुसरा, इंजेक्शन भरणारी परिचारिका तिसरा. प्रत्येक पडद्याला कुठे ना कुठे भोक असतंच. एका पडद्यातून निसटलेली चूक बहुधा पुढच्यावर अडते. ज्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात, त्या दिवशी चूक थेट रुग्णापर्यंत पोचते.

या रांगेतला शेवटचा पडदा म्हणजे स्वतः रुग्ण आणि त्याच्याजवळ बसलेलं माणूस. डॉक्टर बदलतात, परिचारिकांच्या पाळ्या बदलतात, एका विभागातून दुसऱ्यात हलवलं की फाईलमधला एखादा कागद मागे राहतो. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सगळं पाहिलेलं असतं ते फक्त या दोघांनी. हा पडदा कामी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. काय चाललं आहे हे त्यांना माहीत हवं आणि खटकलं तर बोलायची सोय हवी.

एका आईने पाहिलेलं

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जोसी किंग ही दीड वर्षाची मुलगी घरी गरम पाण्याने भाजली. तिला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेलं. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयांपैकी ते एक. अतिदक्षता विभागात तिची प्रकृती सुधारली, जखमा भरत आल्या, तिला साध्या विभागात हलवलं आणि घरी जाण्याची भाषा सुरू झाली.

तिची आई सॉरेल किंग हिच्या लक्षात आलं की कुणाच्या हातात पेय दिसलं की जोसी त्यासाठी आकांत करते. अंग पुसायला घेतलेला ओला कपडा ती अधाशासारखी चोखत होती. आईने हे सांगितलं. नोंदी ठीक आहेत, पाणी द्यायचं नाही, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी फारच मलूल दिसल्यावर आईने डॉक्टरांना बोलावण्याचा आग्रह धरला. अफूजन्य औषधाचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन दिल्यावर जोसी थोडी सावरली आणि घटाघटा रस प्यायली. यापुढे अशी औषधं द्यायची नाहीत, असं तोंडी ठरलं. त्याच दिवशी दुपारी एक परिचारिका मेथाडोन हे त्याच वर्गातलं औषध घेऊन आली. आईने हरकत घेतली. सूचना बदलली आहे, असं सांगून औषध दिलं गेलं. त्यानंतर जोसीचं हृदय बंद पडलं. २२ फेब्रुवारी २००१ रोजी ती गेली. शरीरातलं पाणी कमी होणं आणि चुकीच्या वेळी दिलेलं औषध यांनी तिचा जीव घेतला होता.

या घटनेत आईने दोन वेळा नेमकी गोष्ट सांगितली होती. तहान लागली आहे, हे निदान तिने केलं होतं. हे औषध देऊ नका, हेही तिनेच सांगितलं होतं. तिच्या शब्दाला वजन देणारी कुठलीही सोय रुग्णालयात नव्हती. सॉरेल किंगने नुकसानभरपाईच्या रकमेतून मुलीच्या नावाने संस्था उभारली आणि त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर काम सुरू केलं. पुढे तिच्या प्रेरणेने २००५ मध्ये पिट्सबर्गच्या यूपीएमसी शेडीसाइड रुग्णालयात एक नवी व्यवस्था आली. रुग्ण किंवा नातेवाईक यांना वाटलं की काहीतरी बिघडतंय आणि कुणी ऐकत नाहीये, तर त्यांनी खाटेजवळच्या फोनवरून एक क्रमांक फिरवायचा. तातडीचं पथक थेट खाटेपाशी येतं. वॉर्डातल्या कुणाची परवानगी लागत नाही.

हाक मारण्याचा हक्क

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००७ साली रायन सॉन्डर्स हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा जंतुसंसर्गाने दगावला. मुलाची अवस्था बिघडत असल्याचं आईवडील सांगत होते, त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. त्या राज्याने २०१३ मध्ये 'रायन्स रूल' आणला. आधी वॉर्डातल्या परिचारिकेशी किंवा डॉक्टरांशी बोला, समाधान झालं नाही तर प्रमुख परिचारिकेशी बोला, तरीही शंका राहिली तर ठरलेल्या क्रमांकावर फोन करा. त्यानंतर वेगळ्या डॉक्टरकडून किंवा परिचारिकेकडून तपासणी होते.

इंग्लंडमधली मार्था मिल्स तेरा वर्षांची होती. २०२१ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर असताना सायकलवरून पडली आणि हँडल पोटावर आदळून स्वादुपिंडाला मार बसला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात तिच्यावर उपचार सुरू असताना जंतुदोष रक्तात पसरला. पालकांनी वारंवार काळजी बोलून दाखवली होती. तिला अतिदक्षता विभागात वेळेवर हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. तिची आई मेरोपी मिल्स पत्रकार आहे. तिने लिहिलं, पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२४ पासून 'मार्थाज रूल' इंग्लंडमधल्या १४३ रुग्णालयांत लागू होऊ लागला.

मार्थाच्या नियमाचे तीन भाग आहेत. रुग्णाला किंवा घरच्यांना रोज किमान एकदा विचारायचं, की कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय की वाईट, आणि ते उत्तर तापमान-नाडीसारखं नोंदवून ठेवायचं. कुठल्याही कर्मचाऱ्याला शंका आली तर त्याला दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता यायला हवी. आणि तोच हक्क चोवीस तास रुग्णाला आणि नातेवाइकांनाही हवा.

यातला पहिला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. "आज कालच्यापेक्षा कसं वाटतंय?" हा प्रश्न मेळघाटच्या ग्रामीण रुग्णालयातही विचारता येतो. प्रकृतीतला सुरुवातीचा बिघाड पुष्कळदा मॉनिटरवर दिसण्याआधी घरच्यांना दिसतो. "हे नेहमीसारखे बोलत नाहीयेत," असं बायको सांगते तेव्हा ती जंतुदोषाच्या एका ओळखीच्या लक्षणाचं, म्हणजे भान कमी होण्याचं, वर्णन करत असते.

घरच्यांना आत घेतल्यावर काय झालं?

नातेवाइकांना सामील करून घेतलं तर गोंधळ वाढेल, राउंड लांबतील, जंतुसंसर्ग पसरेल, अशी भीती डॉक्टर आणि परिचारिकांना वाटते. ती समजण्यासारखी आहे आणि तिची तपासणीही झाली आहे.

उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या बालविभागांत राउंडची पद्धत बदलून पाहिली गेली. तो अभ्यास २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आईवडील राउंडमध्ये सामील झाले. बोलण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली, डॉक्टर साध्या भाषेत बोलले, शेवटी पालकांनी समजलेलं आपल्या शब्दांत परत सांगितलं आणि ठरलेल्या गोष्टी लिहून मिळाल्या. चुकांची एकूण संख्या घटली नाही, पण मुलांना प्रत्यक्ष इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्या. राउंडचा वेळही लक्षात येण्याइतका वाढला नाही.

आपल्या देशातलं उदाहरण दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाचं. आजारी नवजात बाळांच्या विभागात आईला काचेपलीकडे उभं करण्याची जुनी रीत तिथे मोडली गेली. आईला आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या व्यक्तीला हात धुण्यापासून बाळाला पाजण्यापर्यंत आणि धोक्याच्या खुणा ओळखण्यापर्यंत शिकवून आत घेतलं गेलं. शास्त्रीय चाचणीत आढळलं की घरची माणसं आत आल्याने जंतुसंसर्ग वाढला नाही आणि फक्त आईचं दूध घेणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना देशभरासाठी काढल्या.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, की तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतींची धास्ती वाटते आणि दाखल केल्यावर आपल्या माणसांपासून तोडतात, हे त्यांनी सांगितलं. म्हणून शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा झाला आणि नातेवाइकांना तिथे रुग्णाजवळ राहता येऊ लागलं. रुग्णाला विचारण्याची सुरुवात इमारतीच्या आराखड्यापासूनही करता येते, हे यातून दिसतं.

वॉर्डात असताना: कुठे लक्ष ठेवायचं?

आता थेट उपयोगाच्या गोष्टींकडे वळू. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या कुणालाही जमतील एवढ्याच गोष्टी इथे सांगतो.

नाव. सारख्या नावाचे दोन रुग्ण एका वॉर्डात असणं आपल्याकडे नित्याचं आहे. गोळी, इंजेक्शन, रक्त तपासणी किंवा शस्त्रक्रिया यापूर्वी रुग्णाने आपलं पूर्ण नाव, वय आणि शक्य तर नोंदणी क्रमांक स्वतःहून सांगावा. "तुम्ही पाटील ना?" याला गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस "हो" म्हणून जातो. "तुमचं नाव काय?" असं विचारणारे कर्मचारी योग्य रीतीने काम करत असतात. तेच तेच काय विचारता म्हणून त्यांच्यावर वैतागू नये.

औषधं. भारतात एकच औषध डझनावारी नावांनी विकलं जातं. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही तिन्ही नावं पॅरासिटामॉलचीच. घरची गोळी आणि रुग्णालयातली गोळी अशी दोन्ही पोटात गेली तर मात्रा दुप्पट होते. म्हणून दाखल होतानाच घरी चालू असलेली सगळी औषधं, अगदी आयुर्वेदिक काढे आणि दुखण्याच्या गोळ्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली असेल, दम लागला असेल, तर ते केसपेपरवर ठळक लिहून घ्यावं.

काही औषधांबाबत जास्त जागरूक राहायला हवं. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने जगभर माणसं दगावली आहेत. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन भरलं तर अडीच पट मात्रा जाते आणि साखर धोकादायक पातळीला उतरते. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे शाळकरी मुलालाही पाहता येतं.

हात. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी हात क्लोरीनच्या पाण्याने धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आजही वॉर्डातला जंतुसंसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. जखमेला, सलाइनच्या सुईला किंवा लघवीच्या नळीला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ केले का, हे विचारायला संकोच वाटतो. "सिस्टर, सॅनिटायझर देऊ का?" असं म्हटलं तर समोरच्याचा मानही राहतो आणि कामही होतं. हाच नियम भेटायला येणाऱ्यांनीही पाळायचा आहे. खाटेवर दाटीने बसणारे चार पाहुणे संसर्गाचा तितकाच मोठा धोका असतात.

सलाइन आणि नळ्या. बाटली संपते का, यावर आपली नजर असतेच. तितकंच लक्ष सुई टोचलेल्या जागेकडे हवं. तिथे सूज, लाली, आग किंवा दुखणं असेल तर लगेच सांगावं. लघवीची नळी किंवा मानेतली सुई अजून गरजेची आहे का, हे रोज एकदा विचारावं, कारण नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा संभव वाढतो.

रक्त. पिशवी लावण्याआधी रुग्णाचं नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक दोन जणांनी खाटेपाशी ताडून पाहायचा असतो. सुरुवातीची पंधरा मिनिटं महत्त्वाची. थंडी वाजणं, ताप, कंबरेत कळ, छातीत दडपण, दम किंवा अंगाला खाज यातलं काहीही झालं तर "थोडं सहन करा" असं रुग्णाला सांगत बसू नये. तत्काळ हाक मारावी.

शस्त्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. त्या यादीतली पहिलीच ओळ रुग्णाच्या तोंडची आहे. भूल देण्याआधी रुग्णाने स्वतः नाव, शस्त्रक्रिया आणि जागा सांगायची असते. उजवा गुडघा की डावा, हे जागेपणीच सांगा आणि त्या जागी पेनाने खूण केली का ते पाहा. संमतिपत्रावर सही करताना कुठली शस्त्रक्रिया, का, दुसरा पर्याय कोणता आणि धोका काय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पेन उचलू नये. जागृत, प्रौढ रुग्णाची संमती स्वतः त्याचीच हवी, नातेवाइकाची सही तिची जागा घेऊ शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आहे.

बाळंतपण. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाची एक स्त्री असावी, असं केंद्र सरकारचं धोरण आहे. बाळ झाल्यावर होणारा अतिरक्तस्राव अनेकदा सर्वांत आधी तिच्याच नजरेस येतो. कपडा किती लवकर भिजतोय, हे तिने सांगत राहावं.

घरी जाताना. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या धावपळीत सर्वांत महत्त्वाचं बोलणं राहून जातं. कुठली गोळी नवी, कुठली बंद, कुठली किती दिवस, पुन्हा कधी यायचं आणि काय झालं तर त्या तारखेची वाट न पाहता यायचं, हे सगळं विचारून घ्यावं. मग ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून पाहावं. कर्नाटकातल्या नारायण हृदयालयातून सुरू झालेल्या 'नूरा हेल्थ' या संस्थेने हेच काम पद्धतशीर केलं. रुग्ण दाखल असतानाच घरच्यांचे वर्ग घेतले, जखमेची निगा, औषधं आणि धोक्याच्या खुणा शिकवल्या. पुढे हे वर्ग अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत पोचले.

विचारायचं कसं?

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं अनेकांना वाटतं. उद्या आपल्याच माणसाकडे दुर्लक्ष होईल, ही धास्तीही असते. पन्नास रुग्णांमागे दोन परिचारिका असलेल्या वॉर्डात कुणाच्याही आवाजात तुटकपणा येतो, हेही खरं आहे.

म्हणून प्रश्न नेमका असावा. "यांना बरं वाटत नाहीये" एवढंच सांगण्यापेक्षा "काल संध्याकाळपर्यंत स्वतः उठून बसत होते, आज सकाळपासून ओळखतही नाहीत आणि दुपारपासून लघवी झालेली नाही" असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला लगेच कृती करता येते. नेहमी कसे असतात, आता काय बदललं, कधीपासून, या तीन गोष्टी पुरेशा असतात. एक छोटी वही जवळ ठेवावी. ताप, जुलाब, उलटी, खाणं, लघवी यांच्या वेळा तिच्यात लिहाव्यात. घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलावं आणि रात्री जागणाऱ्याने सकाळी येणाऱ्याला वही वाचून दाखवावी. वॉर्डात समाधान झालं नाही तर प्रमुख सिस्टर, मग निवासी वैद्यकीय अधिकारी, मग अधीक्षक अशी पायरी चढावी.

विचारायला वाट नसली की साचलेली काळजी संतापात बदलते आणि कधीकधी डॉक्टरांवर हात उगारला जातो. २०१० पासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे आणि तो हवाच. पण रुग्णालयांनी हेही ओळखायला हवं की वेळेवर ऐकून घेतलेली शंका दोन्ही बाजूंचं रक्षण करते.

हक्क कागदावर आहेत

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती, कागदपत्रं, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि सुरक्षित उपचार हे तिच्यातले हक्क आहेत. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली आणि खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. जनआरोग्य अभियानासारख्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचं वाटलं तर रुग्ण स्वतः राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. असं कळवणं म्हणजे कुणाविरुद्ध तक्रार करणं नव्हे. त्या माहितीतून पुढच्या रुग्णांसाठी इशारे निघतात.

जबाबदारी कुणाची?

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. रुग्णाला सामील करून घेणं म्हणजे सुरक्षिततेचा भार त्याच्यावर टाकणं नव्हे. चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं तर "तुम्ही विचारलं का नाही?" असं म्हणण्याचा अधिकार कुठल्याही रुग्णालयाला नाही. गुंगीत पडलेला, वाचता न येणारा, एकटाच दाखल झालेला स्थलांतरित मजूर, मराठी न कळणारी कोरकू किंवा माडिया बोलणारी बाई, यांना प्रश्न विचारता येणार नाहीत. त्यांचे उपचारही तितकेच सुरक्षित असले पाहिजेत. म्हणून पुढाकार रुग्णालयानेच घ्यायला हवा.

तो घेणं अवघड नाही. राउंडच्या वेळी प्रत्येक रुग्णाजवळ एका नातेवाइकाला थांबू द्यावं. रोज "कालच्यापेक्षा कसं आहे?" असं विचारून उत्तर केसपेपरवर लिहावं. प्रत्येक खाटेजवळ रात्रीअपरात्री कुणाला हाक मारायची, त्याचं नाव आणि क्रमांक लावावा. बोलीभाषा जाणणारं माणूस वॉर्डात नेमावं. गुणवत्ता समितीत एक-दोन जागा माजी रुग्णांना द्याव्यात. २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळला जातो आणि २०२३ मध्ये त्याचा विषयच रुग्णांचा सहभाग हा होता. तेव्हा फलक पुष्कळ लागले. बदल दिसायला हवा तो राउंडमध्ये.

डॉक्टर आणि परिचारिकांना विनंती आहे, की नातेवाइकाचा प्रश्न ही अडवणूक समजू नका, ती तुम्हाला मिळालेली फुकटची दुसरी तपासणी आहे. आणि वाचकहो, तुम्ही दाखल असाल किंवा कुणाजवळ बसलेले असाल, तर नाव सांगा, औषध विचारा, बदल नोंदवा आणि मनात शंका आली की सकाळ होण्याची वाट न पाहता लगेच बोला.